शेंगेवरचे हवामान

नोव्हेंबरच्या उत्तरार्धात बडोद्याभोवतीच्या पादरा, करजण, डभोई या पट्ट्यात तूर पिवळ्या फुलांनी भरलेली असते. अशा वेळी दोन दिवस आभाळ भरून राहिले, की औषधांच्या दुकानांपुढे गर्दी होते. ढग आले म्हणजे अळी येणार, हा हिशेब इथल्या शेतकऱ्याने पुस्तकातून घेतलेला नाही. तो वाडवडिलांच्या अनुभवातून आला आहे आणि त्यात तथ्य आहे. पण ते अर्धे तथ्य आहे. त्याच ढगांनी शेजारच्या वालपापडीवर काय केले, मागच्या महिन्यातल्या उघडिपीने लाल कोळ्यांचे काय केले, आणि घाईने आणलेल्या बाटलीने फेब्रुवारीसाठी काय वाढून ठेवले, हे त्या हिशेबात येत नाही. पुढची सगळी प्रकरणे त्या उरलेल्या अर्ध्यासाठी लिहिली आहेत.

हे मराठीत आणि बडोद्यातून का लिहायचे, हेही सांगायला हवे. सयाजीराव गायकवाडांनी शेतीचे शिक्षण घेण्यासाठी खासेराव जाधवांना इंग्लंडमधल्या सायरेन्सेस्टरच्या शेतकी महाविद्यालयात पाठवले होते. शास्त्रीय विषय लोकांच्या भाषेत यावेत म्हणून सयाजी साहित्यमालेतून मराठी आणि गुजराती अशा दोन्ही भाषांत पुस्तके निघाली. शहरातल्या मॉडेल फार्मवर आज आणंद कृषी विद्यापीठाचे कडधान्य संशोधन केंद्र आहे. मराठवाड्यातल्या बदनापूरचे ‘बीडीएन-२’ हे तुरीचे वाण इकडच्या शेतकऱ्यांनाही परिचयाचे आहे. तूर, वाल, चवळी, मूग, गवार ही पिके आणि त्यांच्या किडी राज्याची सीमा मानत नाहीत. बडोद्याच्या शेतात दिसणारी गोष्ट जालन्याच्या किंवा अकोल्याच्या शेतातही थोड्या वेगळ्या तारखांनी दिसते. म्हणून एका जागेचे हवामान नीट समजून घेणे मला दहा जागांची वरवरची माहिती गोळा करण्यापेक्षा महत्त्वाचे वाटते.

ती जागा अशी आहे. उत्तरेला मही, दक्षिणेला नर्मदा, मधून ढाढर आणि विश्वामित्री. महीकडच्या भागात गोराडू म्हणजे भुसभुशीत, निचऱ्याची जमीन. दक्षिणेकडे करजण-डभोईच्या बाजूला कानम प्रदेशाची काळी, पाणी धरून ठेवणारी माती. वर्षाचा पाऊस सरासरी ९०० मिलिमीटरच्या आसपास, आणि तो जवळजवळ सगळा जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर, तर जानेवारीच्या पहाटे बारा-तेरा अंशांपर्यंत, कधी त्याहूनही खाली. जुलैतली दमट हवा आणि एप्रिलमधला कोरडा फुफाटा यांत इतका फरक आहे, की एकच कीड वर्षभर इथे सुखाने नांदू शकत नाही. प्रत्येकीला आपला हंगाम निवडावा लागतो. तुडतुडे आणि पांढरी माशी पावसाच्या खंडात, शेंगा पोखरणारी अळी हिवाळ्याच्या तोंडावर, मावा ऐन थंडीत, लाल कोळी ऊन तापू लागले की. शेतकऱ्यांकडे त्यांची नावे तयार आहेत: मावा म्हणजे ‘मोलो’, शेंगेतली अळी ‘लीली इयळ’, पानांवरचे कोळी ‘पानकथीरी’. बडोद्याच्या मराठी वाचकाला ही नावे मंडईत आणि शेतात रोज ऐकू येतात, म्हणून पुढे जिथे गरज आहे तिथे ती वापरली आहेत.

हवामानाचा किडीवर परिणाम होतो म्हणजे नक्की काय होते? सगळ्यात आधी तापमान. कीटकाला आणि कोळ्याला स्वतःची ऊब नसते. बाहेरची हवा जितकी उबदार, तितके त्याचे शरीर वेगाने चालते: अंडे लवकर उबते, अळी लवकर मोठी होते, पिढी लवकर पुरी होते. ठरावीक तापमानाच्या खाली वाढ थांबते, आणि तापमान फार वर गेले तरी थांबते. या दोन मर्यादांच्या मधल्या उबेची रोज बेरीज करत गेले तर कीड कोणत्या दिवशी कोणत्या अवस्थेत असेल याचा बराच अंदाज येतो. अशी बेरीज प्रथम १७३५ मध्ये फ्रान्समधल्या रेओम्यूर या शास्त्रज्ञाने केली. ती पिकांच्या पक्वतेसाठी होती. त्याच माणसाने त्याच काळात कीटकांच्या जीवनावर सहा खंड लिहिले, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. पीक आणि कीड यांना एकच घड्याळ लागू आहे, हे पुढे दोनशे वर्षांत हळूहळू स्पष्ट होत गेले.

तुरीच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीचे, म्हणजे हेलिकोव्हर्पाचे, उदाहरण घेऊ. हिची वाढ साधारण ११ अंशांच्या खाली थांबते. बडोद्यात ऑक्टोबरमध्ये दिवसरात्रीची सरासरी २८ अंशांच्या जवळ असते. म्हणजे रोज सतरा अंशांची ऊब तिच्या खाती जमा होते. जानेवारीत सरासरी २०-२१ अंशांवर येते आणि रोजची जमा नऊ-दहावर. ऑक्टोबरमध्ये जी पिढी महिन्याभरात पुरी होते, तिला जानेवारीत जवळपास दुप्पट दिवस लागतात. थंडी अळीला मारत नाही, तिला रेंगाळायला लावते. त्या रेंगाळण्यात ती जास्त दिवस उघड्यावर राहते. कोतवाल, साळुंकी आणि बगळे यांना जास्त दिवस मिळतात, आणि तिच्या अंगात अंडी घालणाऱ्या गांधीलमाशीच्या जातीच्या चिमुकल्या परजीवींनाही. म्हणून थंडी वेळेवर पडली की डिसेंबरच्या मध्यानंतर तुरीवरचा भार अनेकदा आपोआप उतरतो. थंडी लांबली तर आणखी एक पिढी निघते, आणि ती पिढी सरळ हरभऱ्यावर जाते.

आता त्या ढगांकडे येऊ. ढगाळ हवेत अळी वाढते यामागे एकच कारण नाही, तीन कारणे एकत्र येतात. ढगाळ रात्री उबदार राहतात. पतंग अशा रात्री जास्त हिंडतात आणि जास्त अंडी घालतात. एक मादी तिच्या आयुष्यात हजारापर्यंत, कधी त्याहून अधिक अंडी घालू शकते. अंड्यातून निघालेली केसाएवढी अळी कोरड्या उन्हात सुकून मरते, ती सावलीत वाचते. तिसरे कारण तुरीच्या अंगात आहे आणि त्याकडे फारसे कुणी पाहत नाही. सूर्यप्रकाश कमी झाला की तूर फुले गाळते, आणि पुढे ऊन पडले की पुन्हा फुलते. एरवी दोन-तीन आठवड्यांत आटोपणारा फुलोरा महिना-सव्वा महिना लांबतो, आणि तेवढे दिवस पतंगाला अंडी घालायला कोवळी फुले मिळत राहतात. अळी वाढली असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा तिचे ताट लांबलेले असते.

पण ढग आणि पाऊस एक नव्हेत. २६ नोव्हेंबर २०२३ ला गुजरातभर अवेळी पाऊस झाला, काही ठिकाणी गारा पडल्या आणि वीज कोसळून वीसहून अधिक माणसे गेली. तुरीच्या फुलोऱ्याचे ते ऐन दिवस. असा जोराचा पाऊस फुलांवरची अंडी आणि नुकत्या निघालेल्या अळ्या धुऊन नेतो. कानमच्या काळ्या मातीत पाणी साचले तर जमिनीतले कोषही गुदमरतात. शिवाय ओलाव्यात अळ्यांवर बुरशी वाढते. पानाला चिकटून राहिलेली, पांढऱ्या भुकटीने माखलेली मेलेली अळी शेतात दिसली तर ती या बुरशीने मेलेली आहे, आणि तिच्यापासून इतर अळ्यांनाही लागण होते. अळीला होणारा विषाणूरोगही, ज्याचे द्रावण एचएनपीव्ही या नावाने मिळते, कडक उन्हातल्या अतिनील किरणांनी लवकर निकामी होतो आणि ढगाळ हवेत जास्त टिकतो. म्हणूनच त्याची फवारणी संध्याकाळी करायला सांगतात. तेव्हा ढगाळ आठवडा अळीला जितका सोयीचा आहे तितकाच तिच्या शत्रूंपैकी काहींनाही. कोणाची बाजू जड झाली हे आभाळाकडे पाहून कळत नाही, शेतात जाऊनच कळते. हेक्टरी पाच कामगंध सापळे लावले आणि एका सापळ्यात सलग दोन-तीन रात्री आठ-दहा पतंग सापडू लागले तर उपाय करायचा. तोवर बाटली कपाटात. हा नियम महाराष्ट्रात आणि गुजरातेत वर्षानुवर्षे सांगितला जातो. तो पाळला जात नाही, कारण सापळा पाहायला रोज सकाळी जावे लागते आणि ढग घरातून दिसतात.

हेलिकोव्हर्पाच्या जोडीला तुरीवर पिसारी पतंग आणि शेंगमाशी असतात. शेंगमाशीची गोष्ट वेगळी आहे. तिची अळी शेंगेच्या आत जन्मते आणि आतच वाढते. बाहेरून शेंग धडधाकट दिसते आणि आतला दाणा कुरतडलेला असतो. उशिरा पिकणाऱ्या वाणांना ती जास्त छळते. मारुका नावाची, फुले आणि शेंगा जाळीने एकत्र गुंडाळणारी अळी मात्र दमट हवेची. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फुलणाऱ्या लवकरच्या तुरीवर आणि चवळीवर ती येते आणि जाळीच्या आत बसल्यामुळे फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही.

हिवाळ्यातली बडोद्याची भाजी म्हणजे पापडी, सुरती वाल आणि तुरीचे ओले दाणे. लिलव्याची कचोरी आणि उंधियू यांच्याशिवाय इथला डिसेंबर पुरा होत नाही, आणि इथल्या मराठी घरांत वालाच्या बिरड्याचा वासही त्यात मिसळतो. या पापडीवर डिसेंबर ते फेब्रुवारी मावा येतो: काळपट, चमकदार, शेंड्यांवर आणि शेंगांच्या देठांवर दाटीने बसलेला. त्याच्यात नराची गरज नसते. मादी सरळ पिल्ले देते आणि ती पिल्ले अनुकूल हवेत आठवड्याभरात स्वतः पिल्ले देऊ लागतात. तो थंडीत का वाढतो? मावा थंडी सोसतो हे एक कारण. दुसरे कारण त्याच्या शत्रूत आहे. माव्याला खाणाऱ्या ढालकिड्याच्या अळीला माव्यापेक्षा जास्त ऊब लागते. जानेवारीच्या थंड आठवड्यांत मावा चालत राहतो आणि ढालकिडा मंदावतो. फेब्रुवारीत ऊन तापले की ढालकिडे, सिरफिड माशीच्या अळ्या आणि क्रायसोपा एकदम भरात येतात आणि दहा-पंधरा दिवसांत शेंडे साफ करतात. ज्याने जानेवारीच्या शेवटी तीव्र औषध फवारले त्याच्या शेतात हे साफ करणारेच उरत नाहीत. थंडीतल्या माव्याला निंबोळी अर्क आणि थोडा धीर, यावर मी पूर्ण विश्वास ठेवतो.

सर्वांत जास्त पाने मी कोळ्यांना दिली आहेत, आणि ती त्यांचा हक्क आहेत. इथे कोळी म्हणजे जाळे विणून माश्या धरणारा मोठा कोळी नव्हे. तो तर शेताचा मित्र. हे पानांचा रस शोषणारे, टिंबाएवढे, बहुधा आठ पायांचे जीव. यांचे दोन प्रकार बडोद्याच्या शेंगवर्गीय पिकांवर येतात आणि दोघांना नेमकी उलटी हवा लागते. एकाच गटातल्या दोन जिवांचे हे वेगळेपण लक्षात आले की ‘कीड-रोगाला पोषक हवामान’ हा रोज बातम्यांत ऐकू येणारा शब्दप्रयोग किती पोकळ आहे ते समजते. कोणत्या किडीला, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

पहिला लाल कोळी. घेवडा, चवळी, वाल, गवार यांच्या पानांखाली राहतो, बारीक जाळी विणतो. पानावर आधी पांढुरके ठिपके पडतात, मग पान फिकट आणि ताम्रवर्णी होऊन गळते. मादी शंभरच्या आसपास अंडी घालते. फळलेल्या अंड्यांतून माद्या आणि न फळलेल्यांतून नर निघतात, त्यामुळे एकटी मादीही नवे कुटुंब सुरू करू शकते. सरासरी २५ अंशांना तिची पिढी दहा-बारा दिवसांत पुरी होते आणि ३० अंशांच्या पुढे सात-आठ दिवसांत. मार्च-एप्रिलमध्ये ही वाढ चक्रवाढ व्याजासारखी चढते: पहिले तीन आठवडे काहीच दिसत नाही आणि चौथ्या आठवड्यात शेत जळाल्यासारखे होते. पाण्याचा ताण बसलेल्या झाडावर ती आणखी चढते. आणि कोरडी हवा कोळ्याला दुसऱ्या बाजूनेही मदत करते. लाल कोळ्याला खाणारे भक्षक कोळी असतात; त्यांची अंडी कोरड्या हवेत सुकतात आणि उबत नाहीत. भक्ष्य वेगाने वाढते, भक्षक जन्मतच नाही. जोराचा पाऊस मात्र लाल कोळ्यांना पानांवरून धुऊन काढतो, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये ते शोधूनही सापडत नाहीत.

इथे धुळीविषयी एक शब्द. कच्च्या रस्त्यालगतच्या, वीटभट्टीजवळच्या किंवा ट्रॅक्टरच्या वाटेवरच्या ओळींवर लाल कोळी आधी आणि जास्त दिसतो. पानावर धुळीचा थर बसला की भक्षकांना फिरणे आणि भक्ष्य शोधणे अवघड होते. बांधाच्या कडेच्या चार ओळींवर आठवड्यातून एकदा साध्या पाण्याचा जोरदार फवारा, हा स्वस्त उपाय आहे आणि त्याची थट्टा करू नये. औषधांत गंधक चालते, पण पारा ३५ अंशांच्या पुढे गेल्यावर गंधकाने पानेच भाजतात. ज्या दिवसांत कोळी सर्वांत जास्त त्याच दिवसांत हे औषध धोक्याचे. आणि पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशके भक्षक कोळ्यांना मारून लाल कोळ्याला मोकळे रान देतात. नोव्हेंबरमध्ये अळीसाठी पापडीवर केलेली फवारणी फेब्रुवारीत कोळ्याच्या रूपाने परत येते, असे मी वर म्हणालो ते याच अर्थाने.

दुसरा कोळी नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. लांबी मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढी, पाय आठ नव्हे तर चारच, जाळी विणत नाही, आणि तूर व तुरीच्या रानटी भाऊबंदांखेरीज कुठेही जगत नाही. स्वतः तो पानाचे फारसे नुकसान करत नाही. पण त्याच्या तोंडातून तुरीच्या वांझ रोगाचा विषाणू पसरतो. झाड हिरवेगार, झुडपासारखे दाट होते, पाने बारीक आणि फिकट पडतात, आणि फूलच येत नाही. पहिल्या दीड महिन्यात लागण झाली तर त्या झाडाकडून शेंगेची आशा सोडावी. हा रोग १९३१ मध्ये बिहारमधल्या पुसा येथे नोंदला गेला. तो कोळ्यामुळे पसरतो हे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सिद्ध झाले. आणि विषाणू नेमका कोणता हे कळायला २००० च्या आसपासचा काळ उजाडला. सत्तर वर्षे एका कोळ्याने शास्त्रज्ञांना झुलवले.

या कोळ्याला लाल कोळ्याच्या उलट, सौम्य ऊब, ओलावा आणि सावली हवी असते. एप्रिल-मेचा फुफाटा त्याला सोसत नाही. पंख नाहीत, वारा नेईल तिकडे जातो. मग उन्हाळा तो काढतो कुठे? विहिरीच्या थारोळ्याजवळ उगवलेल्या तुरीवर, कुंपणाला लावलेल्या बहुवर्षी तुरीवर, कापणीनंतर फुटलेल्या खोडव्यावर. जूनमध्ये नवी तूर उगवते आणि नैर्ऋत्येचा वारा त्याला तिच्यावर नेऊन सोडतो. वांझ रोगाचा बंदोबस्त मे महिन्यात, बांधावरची जुनी तूर उपटून होतो. ऑगस्टमध्ये रोग दिसल्यावर केलेली धावपळ उशिराची असते.

याच ठिकाणी सरदार सरोवराच्या कालव्याचा विचार मनात येतो. नर्मदेचा मुख्य कालवा वडोदरा जिल्ह्यातून पुढे राजस्थानच्या सीमेपर्यंत जातो. त्याच्या पाण्याने उन्हाळी मूग, गवार, चवळी पिकू लागली, आणि त्याचा आनंद मानायलाच हवा. पण पाणी म्हणजे शेतापुरते बदललेले हवामानही असते. पूर्वी एप्रिल-मेमध्ये शिवारात हिरवे पान नसे. किडींची साखळी त्या दोन महिन्यांत तुटत असे. आता हिवाळी वालावरून उन्हाळी चवळीवर, तिथून पावसाळी मुगावर आणि पुढे तुरीवर जायला सलग वाट आहे. पांढरी माशी आणि तिच्यासोबत मुगाचा पिवळा मोझॅक याच वाटेने चालतात. आकाशातले हवामान जसे मोजतो तसे हे जमिनीवरचे, माणसाने केलेले हवामानही मोजले पाहिजे.

आणि ते मोजायचे कुठे? हवामानकेंद्रातला पांढरा, झडपांचा पिंजरा जमिनीपासून सुमारे चार फुटांवर, गवताच्या मोकळ्या पट्ट्यावर असतो. सकाळी सात आणि दुपारी दोनच्या नोंदी तिथे घेतात. कोळी मात्र पानाखालच्या मिलिमीटरभर हवेत राहतो. ताजेतवाने, पाणी मिळालेले पान बाष्प सोडून स्वतःला थंड ठेवते. तहानलेले पान छिद्रे मिटून घेते आणि तापते. पिंजऱ्यातला आकडा एकच असतो, पण शेजारच्या दोन वाफ्यांतल्या कोळ्यांना दोन वेगळी हवामाने मिळतात. जमिनीलगतच्या हवेचा हा विचार भारतात पुण्यातून सुरू झाला. १९३२ मध्ये तिथे हवामान खात्याचा कृषिहवामान विभाग सुरू झाला आणि एल. ए. रामदास त्याचे प्रमुख झाले. त्याच वर्षी रामदास आणि आत्मनाथन यांनी दाखवून दिले, की निरभ्र, निवांत रात्री सर्वांत थंड हवा जमिनीला चिकटून नसते. ती वीतभर ते हातभर उंचीवर असते. जगातल्या अनेक शास्त्रज्ञांना हे कित्येक वर्षे पटले नव्हते. पुढच्या मोजण्यांनी ते खरे ठरवले. वालाचे कोवळे शेंडे याच उंचीवर असतात. माव्याची जानेवारीतली रात्र कशी जाते हे समजायचे तर रामदासांच्या या थरातच उतरावे लागेल.

कृषी विद्यापीठांतले अनेक प्रबंध एका ठरलेल्या पद्धतीने जातात. वर्षाचे ५२ हवामान-आठवडे धरायचे, प्रत्येक आठवड्यात झाडावरच्या किडी मोजायच्या, आणि त्यांचा तापमान, आर्द्रता, पाऊस, सूर्यप्रकाशाचे तास यांच्याशी सहसंबंध काढायचा. उन्हात वाकून पानापानावरचे किडे मोजण्याचे हे कष्ट मोठे आहेत आणि त्यांच्याशिवाय या विषयावर एक ओळही लिहिता आली नसती. तरी हे तक्ते वाचताना सावध राहावे. पापडीवरचा मावा आणि किमान तापमान यांचा संबंध उलटा निघतो: पारा खाली, मावा वर. पण पापडी आहेच हिवाळ्यात. शेंडे कोवळे, फुलोरा भरात आणि थंडी, हे तिन्ही एकाच वेळी येतात. मावा त्यांतल्या कशामुळे वाढला हे एका पेरणीच्या तक्त्यावरून सांगता येत नाही. त्यासाठी तेच वाण पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने पेरून एकाच वयाच्या झाडांना वेगवेगळी हवा द्यावी लागते, आणि हे सलग काही वर्षे करावे लागते. असे प्रयोग झाले आहेत, होत आहेत; त्यांच्यावर मी जास्त भर दिला आहे. ४४ व्या आठवड्यात, म्हणजे २९ ऑक्टोबर ते ४ नोव्हेंबरला, अळी शिखरावर होती, या वाक्यापेक्षा फुलोरा सुरू झाल्यापासून कितव्या दिवशी ती शिखरावर होती, हे वाक्य शेतकऱ्याला अधिक उपयोगाचे आहे.

जुन्या लोकांनीही आपल्या परीने असेच केले होते. महाराष्ट्रात सहदेव-भाडळीची वचने आहेत, गुजरातेत भडलीची. दोन्हीकडे नक्षत्रांवरून पाऊस आणि पावसावरून पीक, कीड, रोगराई यांचे आडाखे बांधलेले. मी ते आडाखे खरे-खोटे ठरवायला बसलेलो नाही. पण त्यांत एक शहाणपण आहे जे आकड्यांच्या तक्त्यांतून निसटते: हस्ताच्या पावसाचा परिणाम त्याच आठवड्यात शोधायचा नसतो, तो महिन्या-दीड महिन्याने दिसतो. उशिरा थांबलेल्या पावसाने जमिनीत ओल राहते, तुरीची वाढ पालेदार होते, फुलोरा लांबतो, आणि अळीची गाठ नोव्हेंबरअखेर पडते. ३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस कोसळला. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीने पुन्हा शहर बुडवले. अशा वर्षी पाण्यात उभी राहिलेली तूर मुळांतून खचते, जागा विरळ होतात, मागास पेरणी करावी लागते. मागास तूर लहान असतानाच फुलते, कारण तिचा फुलोरा दिवस लहान होण्यावर अवलंबून असतो. मग थोड्या फुलांवर तेवढ्याच अळ्या, म्हणजे नुकसानीचे प्रमाण मोठे. जुलैच्या पुराचा हिशेब डिसेंबरमध्ये चुकवावा लागतो, आणि तोवर त्या पुराची आठवण कुणाला राहत नाही.

आणंद कृषी विद्यापीठाचा हवामान-सल्ला आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. महाराष्ट्रातल्या कृषी विद्यापीठांचेही तसेच. पुढच्या पाच दिवसांचा अंदाज हातात असणे ही आपल्या आजोबांना न मिळालेली सोय आहे. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी दिलेला कोरा तक्ता त्या सल्ल्याशेजारी ठेवून भरावा: पिकाची अवस्था, पानाखालचे कोळी, शेंड्यावरचा मावा, सापळ्यातले पतंग, दिसलेले ढालकिडे, शेवटची फवारणी आणि शेवटचे पाणी. ढालकिड्यांचा रकाना रिकामा सोडू नये. एकही दिसला नाही तर शून्य लिहावे.

बडोद्याबाहेरच्या वाचकांनी तारखा जशाच्या तशा उचलू नयेत. मराठवाडा-विदर्भात लवकर पेरलेली तूर ऑक्टोबरमध्येच फुलावर येते, तिथे मारुकाचे प्रकरण आधी वाचावे. रायगडात भाताच्या कापणीनंतर जमिनीच्या ओलीवर आणि दवावर वाल घेतात. त्याला ना कालवा ना पाऊस. तिथे जानेवारीनंतर ओल सरते तसा झाडाला ताण बसतो आणि हवाही तापू लागते. त्या वालाच्या पानांची खालची बाजू जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापासूनच, बांधाकडच्या ओळींपासून सुरुवात करून, भिंगाने पाहायला लागावे.